बाईचे दुखणे आणि अफूची मात्रा

अफू हा शब्द तुम्हांला नवा नाही. खसखस आपल्या घरोघर असते. त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो, आणि तो वाळला की अफू होते. शेतावर किंवा गिरणीत कामाला जाणारी आई तान्ह्या लेकराला अफूची बारीक गोळी देऊन निजवीत असे, ही आपल्या आजी-पणजीच्या काळातली गोष्ट. लेकरू निजे खरे, पण ते स्वतःच्या सुखासाठी नव्हे, तर आईला कामावर जाता यावे म्हणून. मात्रा चुकली तर ते पुन्हा जागेही होत नसे. औषध एकाने घ्यायचे आणि सोय दुसऱ्याची व्हायची, असा हा प्रकार. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. कारण आज जी हकीगत सांगायची आहे, तिच्यातही अफू आहे आणि प्रश्नही हाच आहे.

ही हकीगत अमेरिकेतली. त्या देशाच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. कापसाचा मुलूख. 1865 पर्यंत तिथे काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेत आणि विकत. त्या राज्यातल्या माँटगोमेरी गावात जेम्स मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर होता. 1845 साली त्याच्याकडे काही गुलाम स्त्रिया आणण्यात आल्या. त्यांतल्या तिघींची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत : अनार्का, बेट्सी आणि लूसी. तिघीही अगदी कोवळ्या वयाच्या.

त्यांचे दुखणे काय होते? अडलेली बाळंतीण म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मूल दोन-दोन, तीन-तीन दिवस वाटेत अडकून राहते. त्याच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा मरतो आणि तिथे भोक पडते. मग लघवी रात्रंदिवस गळत राहते. अंगाला घाण येते, कातडी सोलवटते, माणसे दूर सारतात. त्या काळी यावर खात्रीचा इलाज नव्हता. ते भोक टाके घालून बुजवायचे, असे सिम्सने ठरविले. त्याने घरामागे लहानसे रुग्णालय बांधले. मालकांना गुलाम बाई पुन्हा कामाला लागायला हवी होती. कायद्याने परवानगी घ्यायची ती मालकाची. या बायका स्वतः राजी होत्या, असे सिम्सने पुढे लिहून ठेवले. पण त्या तिघींच्या तोंडचा एक शब्दही मागे उरलेला नाही.

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. भूल दिलेली नव्हती. बघायला बारा-एक डॉक्टर जमले होते. सुमारे तासभर ती गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवी होती. तिच्या यातना पराकोटीच्या होत्या आणि ती आता मरते असे आपल्याला वाटले, हे सिम्सनेच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे ताप भरला, आणि त्यातून उठायला तिला दोन-तीन महिने लागले. अनार्कावर तर तीसच्या आसपास वेळा शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी 1849 साली चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि ती बरी झाली.

तुम्ही म्हणाल, त्या वेळी भुलीचे औषध होते कुठे? सुरुवातीला नव्हते, हे खरे. पण 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन शहरात ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले. सिम्सने मात्र भूल दिली नाही. 1857 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांपुढे बोलताना त्याने कारण दिले : भुलीचा खटाटोप आणि धोका पत्करावा, इतक्या या शस्त्रक्रिया दुखतच नाहीत. लूसीच्या यातना ज्याने डोळ्यांनी पाहिल्या आणि पुढे लिहूनही ठेवल्या, त्याचेच हे म्हणणे बरं का!

आणि अफू? अफू होती. पण ती शस्त्रक्रियेनंतर, दिवसचे दिवस. सिम्सने तिचे पुष्कळ गुण सांगितले आहेत. मन शांत होते, लघवीची आग कमी होते, भूक लागत नाही, रोगी पडून राहतो, आणि मुख्य म्हणजे शौचाला होत नाही. शौचाला झाले नाही की टाक्यांना ताण बसत नाही. म्हणजे अफूने त्या बायकांना आराम मिळाला नसेल असे नव्हे, मिळालाच असेल. पण मात्रा ठरत होती ती टाक्यांकडे बघून. तुला किती दुखते, असे विचारून ती ठरली, याची नोंद नाही. इथे तान्ह्या लेकराची ती गोळी आठवते की नाही?

आता याच्या उलट बाजू पाहू. 1805 च्या सुमारास जर्मनीत सेर्टुर्नर नावाच्या तरुण औषधकाराने अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फीन हे नाव पडले. 1853 साली एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने सुईने कातडीखाली औषध सोडायला सुरुवात केली. मॉर्फीन आणि सुई यांची गाठ पडली आणि दुखणे मिनिटांत थांबू लागले. मग अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या खात्यापित्या घरांतल्या बायकांना विटाळाच्या वेदनेला, गर्भाशयाच्या तक्रारीला मॉर्फीन सर्रास दिले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अफूची सवय जडलेल्यांत अशा बायकांचाच भरणा मोठा होता, आणि सवय लावणारा बहुधा डॉक्टरच होता. एकीचे दुखणे मानलेच नाही. दुसरीचे दुखणे काय आहे ते न शोधता तिला गुंगीत ठेवले. वरवर पाहता या दोन टोकांच्या गोष्टी, पण दोन्हींत बाईला नीट विचारणे राहूनच गेले.

आपल्या देशाचा यात संबंध काय? माळव्याची अफू एके काळी मुंबई बंदरातून चीनला जात असे. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. पण 1985 साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेला भिऊन अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. ज्या देशात अफू पिकते, त्याच देशातला रोगी मॉर्फीनवाचून तळमळत राहिला. 2014 साली कायदा दुरुस्त करून ही वाट सोपी केली गेली. पण मनातली भीती कायद्याबरोबर बदलतेच असे नाही.

आता घरातली गोष्ट. पोट कापून बाळंतपण झाले किंवा, आपल्या बोलीत सांगायचे तर, पिशवी काढली, तर पहिले काही दिवस दुखणारच. डॉक्टर आधी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी औषधे ठरल्या वेळी देतात. कधी जखमेच्या भागाला बधिर करतात. आणि दुखणे त्यानेही आवरत नसेल तर अफूच्या जातीचे औषध थोडे दिवस देतात. असे थोडे दिवस, सांगितल्याप्रमाणे घेतले तर सवय जडण्याचा धोका कमी असतो. दुखणे आवरले की बाई खोल श्वास घेते, खोकते, चार पावले चालते, आणि त्याने बरे होणे सोपे जाते. मात्र या औषधाने शौचाला अडते, मळमळते. बाई हलवूनही नीट जागी होत नसेल, श्वास फार मंद चालला असेल, तर क्षणभरही न थांबता डॉक्टरांना बोलवावे. हा परिणाम उतरविणारे नॅलोक्सोन नावाचे औषध आहे. अंगावर पाजणाऱ्या आईने तसे आधी सांगावे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांची जोड देऊ नये. उरलेली गोळी शेजारणीला तर मुळीच देऊ नये.

सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून 2018 साली हलविण्यात आला. 2021 साली माँटगोमेरीत अनार्का, बेट्सी आणि लूसी यांचे स्मारक उभे राहिले. सिम्सच्या टाक्यांनी पुढे हजारो बायकांचे आयुष्य सावरले, हेही तितकेच खरे. ते ज्ञान ज्यांच्या अंगावर शिकले गेले, त्यांची नावे निदान आता घेतली जातात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही नावे मुलांना जरूर सांगा. आणि घरी आई, बहीण, सून शस्त्रक्रियेनंतर खाटेवर असेल, तेव्हा "बायकांना सोसावंच लागतं" असे म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "किती दुखतंय?" मग ती जे सांगेल ते खरे माना, आणि डॉक्टरांच्या कानांवर घाला.