काडतुसातील दारू : कमी म्हणजे सुरक्षित नव्हे

काडतुसात दारू कमी भरली की धक्का आणि धोका दोन्ही कमी होतात, असा समज आहे. धक्का कमी होतो. धोका मात्र वाढू शकतो. दाब अपुरा पडल्यास रिव्हॉल्व्हरची गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडल्यास नळी फुटू शकते. रायफलच्या मोठ्या काडतुसात सावकाश जळणारी दारू फार कमी भरल्यास ज्वलन अनियमित होऊन दाब एकाएकी चढल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून दारूचा प्रकार, गोळीचे वजन आणि काडतुसातील मोकळी जागा यांचा मेळ घालून दाब उपकरणाने मोजावा लागतो. हे काम १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणचे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे बनवणे गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. सौम्य मारा हवा असल्यास मुळातच लहान असलेले, कारखान्यात बनलेले काडतूस वापरणे हाच राजमार्ग होय. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत (२०१०, जागतिक सुवर्ण) आणि स्वप्नील कुसाळे (२०२४, ऑलिम्पिक कांस्य) यांनी आपली पदके पॉइंट बावीसच्या रायफलीवरच मिळवली.