फुग्याखालची दुर्बीण

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रचंड फुगे आपल्या हैदराबादेतून आकाशात जातात, हे या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. 1 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घेऊन गेलेल्या अशा फुग्यांनी आकाशगंगेतील ताऱ्यांची जन्मस्थाने न्याहाळली. आज मात्र मी तिच्याच जातीच्या, पण दूरदेशीच्या एका दुर्बिणीची हकीकत सांगणार आहे.

तारा जन्मतो तो धुळीच्या ढगात. त्याचा प्रकाश ही धूळ गिळते आणि दूर-अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. आपल्या हवेतील बाष्प हे किरण अडविते, म्हणून बाष्पाच्या वर जाणे भाग पडते. उपग्रह महाग, फुगा त्या मानाने स्वस्त, शिवाय यंत्र परत हाती येते. निदान यावे, अशी अपेक्षा असते!

अशा किरणांची एक मंद प्रभा सर्व आकाशभर पसरलेली आहे, असे ‘कोबे’ उपग्रहाच्या नोंदींवरून 1996 साली दिसून आले. ती नेमकी कोठून येते, हा प्रश्न उरला. त्याचा छडा लावण्यासाठी मार्क डेव्हलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्लास्ट’ ही दुर्बीण बांधली. 2005 साली ती स्वीडनहून कॅनडापर्यंत उडाली, परंतु आरशाच्या दोषामुळे प्रतिमा पुसट आल्या. डिसेंबर 2006 मध्ये अंटार्क्टिकावरून दुसरे उड्डाण झाले. अकरा दिवस 250, 350 व 500 मायक्रॉन तरंगलांबींवर निरीक्षण चालले.

उतरल्यावर पॅराशूट सुटलेच नाही. वाऱ्याने ती दुर्बीण बर्फावरून सुमारे 200 किलोमीटर फरफटत नेली. तिचा चुराडा झाला. कित्येक वर्षांचे श्रम असे वाटेवर विखुरलेले पाहणाऱ्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, ते ज्याने प्रयोगशाळेत एखादे उपकरण स्वतःच्या हातांनी जुळविले आहे त्यालाच कळेल. सुदैवाने, जिच्यात निरीक्षणे साठविली होती ती पेटी त्या अवशेषांत सापडली.

त्या नोंदींवरून 2009 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ती प्रभा दूरदूरच्या दीर्घिकांचीच आहे, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग ज्या दीर्घिकांकडून येतो, त्यांचा प्रकाश 800 कोटी वर्षांहूनही पूर्वी निघालेला आहे. डेव्हलिन आणि मंडळींनी दुर्बीण पुन्हा उभारली. 2010 व 2012 साली ती अंटार्क्टिकावरूनच उडाली. या खेपेस ताऱ्यांच्या जन्मढगांतील चुंबकीय क्षेत्रे मोजण्यासाठी.