टोप आतून बघावा

पवनारसारख्या गावात लढाईचे टोप जमवणारा माणूस राहतो, हे ऐकून लोक हसतात. त्यांचं हसणं रास्तच आहे. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी याच गावात युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात झाली. त्याच युद्धातला एक पसरट पोलादी टोप माझ्या ओसरीत खुंटीला टांगलेला आहे. वर्ध्याच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेतला, तेव्हा त्यात सिमेंट वाळून घट्ट झालं होतं. कुण्या मिस्त्रीनं त्याचं घमेलं केलेलं.

आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवण्यातच माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे टोप हातात आला की मला आधी पत्रा दिसतो, इतिहास मागाहून. ह्या पसरट टोपाचा आकार जॉन ब्रॉडी नावाच्या माणसाचा, पेटंट १९१५ चं. पत्रा हॅडफिल्डच्या मँगेनीज पोलादाचा. ह्या पोलादात मँगेनीज बारा-तेरा टक्के असतं आणि त्याला लोहचुंबक धरत नाही. म्हणून असा टोप दिसला की मी आधी खिशातलं चुंबक लावतो. चिकटलं तर टोप खोटाच, असं नाही. पण पोलाद निराळं, एवढं ठरतं. मग टोप उलटा करायचा. काठाच्या खालच्या अंगाला कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात. ती वाचायची तर रंग खरवडायचा नाही. तिरपा उजेड पाडायचा.

लष्कराचे असले टोप ओळखणं तसं सोपं, कारण कारखान्यानं शिक्का मारून ठेवलाय. खरी कसोटी लागते ती जुन्या देशी टोपाला. पोलादी वाटी, मधोमध वर एक टोक, समोर खालीवर सरकणारी नाकपट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना तुरा खोवायच्या नळ्या, आणि मानेवर लोंबणारी कड्यांची झालर. इराणापासून दख्खनपर्यंत ही घडण थोड्याफार फरकानं सगळीकडे सापडते. म्हणून दुकानदार सांगेल ते नाव टोपाला चिकटतं. कुणी मोगलाई म्हणतो, कुणी पेशवाई. शिंगं आणि राक्षसाचा चेहरा असलेले जे टोप 'प्राचीन' म्हणून मिरवतात, त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात इराणात शोभेसाठी घडवलेले आहेत. त्यांची नक्षी तेजाबानं खाल्लेली असते. तिची खोली सगळीकडे सारखी. हातानं कोरणाऱ्याची रेघ अशी कधीच निघत नाही.

हिंगणघाटकडच्या एका जुन्या मालगुजार घराण्यातला टोप माझ्याकडे आला होता. घरच्यांचं म्हणणं, हा सीताबर्डीच्या लढाईतला. म्हणजे नोव्हेंबर १८१७, नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रज. त्यांना तो लख्ख करून हवा होता. घरात लग्न होतं, बैठकीत मांडायचा होता. टोपावर हळदकुंकवाचे थर साचलेले. दर खंडेनवमीला पूजा व्हायची आणि पूजेआधी चिंच आणि राखेनं घासणं. पितळेला चिंच चालते. लोखंडाला ती विष आहे. आंबट पाणी कड्यांच्या सांदीत शिरून बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज फुटतो. बाहेरून टोप इतका घासला गेला होता की समोरच्या सोनेरी वेलीचा फक्त आडवातिडवा खरखरीतपणा उरला होता. कोफ्तगरीत पोलादाला आधी बारीक जाळीदार ओरखडे पाडतात, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं गेलं तरी ओरखडे राहतात. कारागिराच्या हाताची तेवढीच खूण. पॉलिशची चकती फिरवली की तीही गेली.

बरं झालं, आत कुणी हात घातला नव्हता. बॅटरी धरून पाहिलं तर वाटीच्या आतल्या अंगाला हातोडीच्या चपट्या खुणा एकीला एक लागून होत्या. म्हणजे घण खाल्लेला पत्रा. हल्लीचा टोप लेथवर चढवून दाबून काढलेला असेल तर आत गोल गोल रेघा दिसतात. त्या माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत. तळाशी गोधडीसारखं टाचलेलं जाड अस्तर होतं, एका बाजूला काळं पडलेलं, त्यावर दुसऱ्या कापडाचं ठिगळ. आणि झालर. मागच्या कड्या बारीक, प्रत्येकीची टोकं चेपून इवल्या रिव्हेटनं जोडलेली. डाव्या कानावरच्या कड्या जाड तारेच्या, नुसत्याच तोंडाला तोंड लावून वळवलेल्या. शोभेच्या टोपात सगळीच झालर अशी बिनरिव्हेटची असते, कारण ती स्वस्त पडते. तलवारीच्या एका वारानं ती उघडते. ह्या टोपात मात्र जुनी झालर तुटल्यावर गावातल्या लोहारानं जमेल तशी सांधली होती. सीताबर्डीचं मी काही सांगू शकलो नाही. टोप वापरातला आहे, तुटला आहे, दुरुस्त झाला आहे, एवढं छातीठोक सांगितलं. ती डावी बाजू मी बदलली नाही. घरच्यांना ते रुचलं नाही. लोहाराची ती वेडीवाकडी सांधणी हाच माझ्या मते त्या टोपातला सगळ्यात मोलाचा भाग.

मराठ्यांचे टोप एवढे कमी का सापडतात, हे पोरं विचारतात. चित्रातला जिरेटोप त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पण घोड्यावर दौड मारणाऱ्या शिलेदाराला जड लोखंड परवडत नसे. घट्ट पिळाचं पागोटं उन्हालाही चाले आणि वारही थोडाफार अडवी. अफजलखानाच्या भेटीला, नोव्हेंबर १६५९ मध्ये, महाराजांनी पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी घातली होती, असं ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात लिहितो. लोखंड आत आणि कापड बाहेर. अशा टोप्या पुढं गंजून गेल्या, नाहीतर वितळून खिळे झाल्या. पवनारला पवन राजाची गोष्ट सांगतात. त्याच्याकडे परीस होता आणि तो कुणब्यांकडून साऱ्यात नांगराचे फाळ घेई. गोष्टीत लोखंडाचं सोनं होतं. प्रत्यक्षात भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, वाड्यातली चीजवस्तू लिलावात निघाली, फौज घरी बसली आणि हत्याराचं लोखंड भात्याशी गेलं.

जे बाहेर गेलं ते कधीमधी परत दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात रघूजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाखांच्या आसपास रक्कम मोजून घेतली. पातं युरोपीय, पण त्यावर देवनागरीत रघूजींचं नाव सोन्यानं लिहिलेलं. ते अक्षर टिकलं म्हणून तलवार कुणाची ते कळलं. चिलखत-टोपांच्या बाबतीत असा ठळक दाखला बिकानेरचा. १६८९ मध्ये महाराजा अनुपसिंहानं अदोणीच्या किल्ल्यातून दख्खनी चिलखतं नेली आणि बिकानेरच्या शस्त्रागारात त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंदी ठोकल्या. ती चिलखतं पुढं जगभरच्या संग्रहालयांत विखुरली, पण ते ठिपके वाचून आजही त्यांचा पत्ता लागतो. कोठीवरच्या कुण्या कारकुनानं केलेलं ते काम!

पत्ता जागेवरच राहिला तर केवढं काम सोपं होतं, हे पवनारकरांना सांगायला नको. विनोबा १९३८ मध्ये इथं आले. धाम नदीकाठच्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना भरत-राम भेटीची शिल्पशिळा निघाली, आणखीही शिल्पं निघाली. ती आश्रमातच राहिली. म्हणून वा. वि. मिराशींना त्यांच्यात रामायणातले प्रसंग ओळखता आले आणि पवनार हीच वाकाटकांची प्रवरपूर राजधानी, ह्या त्यांच्या मताला जोर मिळाला. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. तीच शिल्पं एकेक करून बाजारात गेली असती तर नुसते देखणे दगड उरले असते. तसंच नागपूरजवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळांत घोडे पुरलेले सापडले, तोंडातल्या लोखंडी कड्यांसकट आणि कपाळावरच्या तांब्याच्या साजासकट. विदर्भात माणसाच्या टोपाआधी घोड्याच्या डोक्याचा साज आपल्याला ठाऊक आहे, तो घोड्याच्या कवटीपाशीच सापडला म्हणून.

आता दुरुस्तीचं. मी हे काम चैत्र-वैशाखातच करतो. तेव्हा वर्ध्याची हवा इतकी कोरडी असते की लोखंड दिवसभर उघडं ठेवलं तरी चालतं. तांबडा, भुरभुरणारा गंज जिवंत असतो. तो बांबूच्या काडीनं आणि रॉकेल लावलेल्या मऊ ब्रशनं काढायचा. काळा, घट्ट बसलेला थर टोपाची कातडीच समजा. त्याला हात लावायचा नाही. नक्षी नसलेल्या उघड्या लोखंडावर हिरड्याचा काढा फिरवला की त्यातलं टॅनिन गंजाला काळं आणि स्थिर करतं. हिरडा सोन्याच्या कामापासून दूर ठेवायचा, अस्तराच्या तर आसपासही नको. शेवटी मेणाचा पातळ हात. अस्तराला तेल नाही, साबण नाही, ऊनही नाही.

कायद्याचं एक सांगून ठेवतो. शंभर वर्षांहून जुना टोप १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतो; त्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीतून काही निघालं तर त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. आधी कलेक्टरला कळवायचं.

तुमच्या घरी असा टोप असेल तर येत्या खंडेनवमीला हळदकुंकू टोपाला न लावता खालच्या पाटाला लावा. चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या. टोपाचे आतून आणि बाहेरून फोटो काढा. आजोबांनी तो कुणाकडून, कुठल्या गावाहून आणला, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून कागदावर उतरवा, आणि तो कागद टोपाशेजारीच ठेवा.