ट्रकचं मडगार्ड वाचताना

संशोधन म्हटलं की आपण आधी दप्तरखाना गाठतो. मीही तेच केलं. माझा विषय भंडारा जिल्ह्यातली ट्रक वाहतूक. पण गेल्या उन्हाळ्यात मला जास्त शिकवलं ते साकोलीकडच्या एका गावात उभ्या असलेल्या जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या डाव्या मडगार्डनं.

थोडी पार्श्वभूमी. 1954 मध्ये टेल्कोनं डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. 1969 मध्ये करार संपला, समोरचा तारा गेला आणि टाटांचा टी आला. नागपूर-रायपूर रस्ता भंडारा, लाखनी, साकोली असा जातो, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग 6 आणि आताचा 53. त्या रस्त्यावर या घराचा ट्रक वर्षानुवर्षं चालला.

घरात एकच गोष्ट सांगितली जाते: ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडी झाडावर गेली, डावी बाजू फाटली, आजोबांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. आजही त्याचं नाव निघालं की ‘त्यानंच गाडी घालवली’ हे ठरलेलं वाक्य येतं.

आता नातवाला ट्रक दुरुस्त करून रंगवायचा होता. डेंटिंगवाले मिस्त्रीकाका चुंबक घेऊन आले. चुंबक सगळीकडे घट्ट चिकटत होतं, फक्त हेडलाइटच्या मागे तळहाताएवढ्या जागेवर ढिलं पडत होतं. तिथे लांबी भरलेली. मग काकांनी वॉटर पेपरनं एक कडा घासली आणि म्हणाले, ‘‘हे पाय भाऊ, याले दोनदा मार बसला हाये.’’

घासलेल्या जागी रंगांची वलयं दिसत होती. सगळ्यात खाली हिरवा, त्यावर निळा, वर आताचा केशरी. मडगार्डला एक लांब चीर होती, पितळेच्या काडीनं सांधलेली. तिच्या आजूबाजूचा हिरवा रंग गॅसच्या आचेनं जळालेला, पण निळा रंग सांध्यावरून सलग गेलेला. लांबी मात्र निळ्याच्या वर आणि केशरीच्या खाली. म्हणजे पहिली, मोठी दुरुस्ती हिरव्यानंतर, निळ्याच्या आधी. दुसरी, किरकोळ, निळ्यानंतर. आपल्याच जिल्ह्यात पवनीला 1969-70 मध्ये उत्खनन झालं, तिथे जे थर वाचले तेच तर्कशास्त्र इथे लागू होतं. खालचा थर आधीचा. तो वर्ष सांगत नाही, क्रम सांगतो.

पितळच का? पितळ साधारण 900 अंशांना वितळतं, पोलाद 1500 च्या आसपास. कमी आचेत सांधा बसतो आणि पत्रा वाकडा होत नाही. (भंडारा पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे ‘कासारांची विद्या गॅरेजात आली’ असं मी टिपणवहीत लगेच लिहून टाकलं होतं. मार्गदर्शकांनी त्यावर लाल काट मारली. बरोबरच केलं. ही काडी देशभर वापरतात, तिच्यावरून भंडाऱ्याचं काहीच सिद्ध होत नाही.)

मी घरातल्या मोठ्या आत्याबाईंना फक्त एवढंच विचारलं की तो ड्रायव्हर आला तेव्हा गाडीचा रंग कोणता होता. अपघाताचं नावही काढलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘निळी. पहिल्यापासून निळीच पाहिली त्याच्या हातात.’’ आठवण चुकू शकते, हे धरूनच चालायचं. पण ती बरोबर असेल, तर चीर पडली तेव्हा तो माणूस या घरात कामालाच नव्हता. त्याच्या वाट्याला येतो तो तळहाताएवढा पोचा.

कागद का नाहीत, हेही समजून घ्या. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा 1 जुलै 1946 पासून सक्तीचा झाला आणि 1956 च्या दुरुस्तीनं दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. माणूस जखमी झाला तर कागद तयार होतो. झाडावर आपटलेल्या स्वतःच्या पत्र्याचा विमा सक्तीचा नव्हताच. त्यामुळे ठोकून सरळ केलेल्या हजारो मडगार्डांची नोंद असेल तर ती मडगार्डावरच.

आणि रंगकाम ही नोंद पुसतं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनं, मूळ रूपात जपलेलं, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न झालेलं खासगी वापराचं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. कारला हे शोभतं. ट्रकचं मूळ रूप कोणतं धरायचं? कारखान्यातून सहसा चासी आणि तोंडाचा भाग यायचा. केबिन आणि फाळके बाहेर सुतार-लोहार बांधायचे. ‘मूळ’ हा शब्द प्रबंधात लिहिण्याआधी दहादा विचार करा, असं माझं मत आहे.

नातवाचं काम मी अडवू शकत नव्हतो, अडवूही नये. गंज थांबायलाच हवा. पट्टी ठेवून फोटो काढले, प्रत्येक थर घासताना पुन्हा काढले. तो बराच वेळ त्या सांध्याकडे बघत होता. मग काकांना म्हणाला, ‘‘डावं मडगार्ड आखरीले घ्या. आधी बाबाले दाखवतो.’’