अमेरिकेत तोफ डागली गेली, खामगावात भाव चढला

औद्योगिक क्रांती हे मानवी इतिहासातील एक मोठे वळण. तिची कथा बहुधा वाफेच्या इंजिनापासून सुरू होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांपाशी संपते. त्या गिरण्यांना लागणारा कापूस कोणत्या मातीत पिकत होता, हे विचारले की कथेत बुलढाण्याची काळी जमीन येते.

वऱ्हाडात कापूस पूर्वापार होताच. रुई लादलेले बैलांचे तांडे आठवडेच्या आठवडे चालत गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात. बराचसा कापूस मात्र गावातच राही; घरोघरी सूत निघे आणि कोष्टी-साळ्यांच्या मागांवर त्याचे कापड होई. १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांची नजर याच कापसावर होती.

तरीही त्यांना घाई नव्हती. इंग्लंडला लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे, गुलामांच्या कष्टांवर पिकलेला. एप्रिल १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. हिंदुस्थानातील कापसाचे भाव कित्येक पटींनी वाढले. चार वर्षे शेतकऱ्याच्या हाती कधी न पाहिलेला पैसा खेळला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईतील पेढ्या बुडाल्या, त्याची कहाणी पुष्कळदा सांगितली जाते. वऱ्हाडात काय उरले, हे फारसे सांगितले जात नाही.

उरला तो बाजार. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० साली जलंब ते खामगाव हा अवघ्या तेरा किलोमीटरचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय यावा, यातच त्या कापसाची किंमत कळते. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात आले ते १९०५ मध्ये.) तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा व्यापारी आता खामगावच्या मालाची मागणी थेट नोंदवू शकत होता.

या साऱ्यामागील हिशेब कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने १८६९ च्या सुमारास उघडपणे लिहून ठेवला आहे. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले की देशी कापड मागे पडेल. गावात सुतासाठी खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूतकताई-विणकाम करणारे हात शेतमजुरीला मिळतील, अशी त्याची आशा होती. मागाचा खटका थांबणे हा या योजनेचा दुष्परिणाम नव्हता; तो तिचा हेतूच होता.

तो बऱ्याच अंशी साधलाही. ज्वारीच्या रानात कपाशी पसरली. पूर्वी पेवात धान्य असे. आता धान्य विकत घ्यायचे, तेही कापसाच्या पैशातून, आणि त्या पैशाचा आकडा ठरणार समुद्रापलीकडे. पेरणीला सावकाराचे कर्ज, सुगीला अडत्याचा काटा. भाव पडला तरी सारा भरावाच लागे.

१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. त्यातून सावरण्याआधीच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. या वेळी रेल्वे होती आणि बाहेरचे धान्य वऱ्हाडात उतरतही होते. पण शेतात पीक नाही म्हणजे मजुरी नाही, मागही बंद पडलेले. त्यामुळे दुकानातील ज्वारी घेण्यास पैसा नव्हता. लोक सरकारी कामांवर खडी फोडू लागले. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली.