घोडा, गायरान आणि लिदेचे खत

बीड जिल्ह्यात घोड्यांची संख्या मोठी नाही. धनगरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टे, वरातीत मिरवणाऱ्या घोड्या आणि हौसेने पाळलेली मोजकी जनावरे, एवढाच हा परिवार. मराठवाड्यातील घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो तो नांदेड जिल्ह्यात, माळेगावच्या खंडोबा यात्रेत. मात्र बीडमधील घोडेमालकाची अडचण एकट्या त्याची नाही. स्वतःच्या मालकीचे कुरण बहुधा कोणाकडेच नसते. जनावर पोसले जाते ते गायरानावर, बांधावर आणि पीक निघालेल्या रानात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावातील जमीन गुरचरणासाठी राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाने गायरानांबाबत निर्णय काढला. तथापि मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांचा इतिहास जुना आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनानेच १९९१ साली घेतला होता. त्यामुळे प्रत्येक नांगरलेल्या गायरानाकडे एकाच नजरेने पाहता येत नाही. उरलेल्या चराऊ जमिनीवर मात्र भार वाढतो, ही वस्तुस्थिती आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील जमीन उथळ, मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. पवन्या, मारवेल यांसारखी सकस गवते अतिचराईने आधी नाहीशी होतात, मग कुसळी पसरते आणि शेवटी गाजरगवत. घोड्याला वर-खाली दोन्ही बाजूंनी पुढचे दात असल्याने तो गाईबैलांपेक्षा गवत अधिक मुळाशी कुरतडतो. म्हणून गवत तीन बोटांवर आले की जनावर दुसरीकडे हलवावे. पहिल्या पावसानंतर कोवळ्या फुटव्यावर घोडा सोडणे हे तर वर्षभराचा चारा एका आठवड्यात संपविण्यासारखे आहे. कुरणाचा काही भाग बी गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, बंद ठेवावा. याला अपवाद कुसळीचा. तिची अणकुचीदार कुसे तयार होऊन जनावरांच्या तोंडात रुतण्यापूर्वीच ती चारून किंवा कापून घ्यावी.

तीनशे किलो वजनाचे तट्टू दिवसाला लीद व मूत्र मिळून सुमारे १५ किलो मल टाकते; वर्षाचा हिशेब पाच टनांवर जातो. लिदेच्या आसपासचे गवत घोडा सहसा खात नाही. ही निसर्गदत्त सावधगिरी आहे, कारण लिदेतील जंतांच्या अळ्या ओलाव्याबरोबर गवतावर चढतात. परिणामी कुरणाचा एक भाग माजतो आणि दुसरा उघडा पडतो. येथे बीडचा उन्हाळा उपयोगी पडतो. एप्रिल-मे महिन्यांत लीद फोडून पसरली की कडक उन्हात बहुतेक अळ्या वाळून मरतात. हेच काम जुलै-ऑगस्टमध्ये केले तर रोग कुरणभर पसरतो. त्या काळात लीद रोज गोळा केलेलीच बरी.

गोळा केलेली लीद उकिरड्यावर नुसती फेकणे म्हणजे खत तयार करणे नव्हे. चांगल्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. त्या उष्णतेने जंतांची अंडी व तणांचे बी मरते. त्यासाठी ढीग कमरेइतका उंच हवा, ओलावा मूठ दाबल्यावर हात ओला होईल पण पाणी ठिबकणार नाही इतका हवा, आणि तीन-चार वेळा खालवर केलेला हवा. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात उन्हाळ्यात ढीग भिजविणे शक्य नसते, योग्यही नाही. म्हणून येथे खत कुजविण्याचा खरा हंगाम पावसाळा. ढीग जुन्या ताडपत्रीने झाकावा, अन्यथा नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. जागा उंचवट्याची असावी. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून दूर. लिदेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे हाताला जखम असताना ती उपसू नये.

दर महिन्याला जंतनाशक पाजण्याची सवयही कुरणाला मारक ठरते. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश लिदेत उतरतो आणि लीद मातीत गाडणाऱ्या शेणकिड्यांवर त्याचा घातक परिणाम होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात लीद तपासून घेऊन गरजेपुरते औषध द्यावे व त्यानंतर काही दिवस जनावर पागेतच बांधावे. ग्लँडर्सचा संशय असलेल्या घोड्याची लीद मात्र खतात मुळीच घालू नये. या रोगाची माहिती पशुसंवर्धन विभागाला तत्काळ देणे बंधनकारक आहे.

धनगरांच्या फिरत्या जीवनात यातील बरेच काही सहज घडत आले. घोडा आणि मेंढ्या एकाच रानात चरतात, आणि घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात तग धरीत नाहीत. वाडा एका जागी फार दिवस थांबत नसल्याने गवतालाही उसंत मिळते. शेतात मेंढ्या बसविण्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. एका जागी बांधलेल्या घोड्याच्या भूमिहीन मालकालाही याच धर्तीवर कुजलेले खत देऊन शेजारच्या शेतकऱ्याकडून ज्वारीचा कडबा घेता येईल.