मिस मॅकलाउड कोण होती?

भाची व्हायोलिन शिकते. परवा फोनवर एक धून वाजवून दाखवली आणि म्हणाली, "मामा, ही आयरिश रील आहे म्हणे. 'मिस मॅकलाउड्स रील'. पण ही मिस मॅकलाउड कोण?" मी ऐटीत म्हटलं, दोन मिनिटांत शोधून सांगतो. त्याला आता तीन आठवडे झाले!

रील म्हणजे चारच्या ठेक्यात भरभर धावणारी नाचाची धून. ही अगदी साधी आहे, आयर्लंडमध्ये नवशिक्यांना सुरुवातीलाच शिकवतात. आपल्या सरगमीत साधारण अशी: सा-गसा पसागसा, ग-गरे गमगरे. मग पुन्हा सा-गसा पसागसा, आणि शेवट रे-रेसा रेमगरे. मजा या शेवटात आहे. धून षड्जावर येऊन टेकतच नाही, रिषभावर लोंबकळत राहते. त्यामुळे वाजवणाऱ्याला परत पहिल्यापासून सुरू करावंच लागतं. नाचणाऱ्यांची सोयच ती.

आता नाव. एडिंबराच्या नेथॅनियल गाऊ यांच्या घराण्याने स्कॉटिश धुनांचे संग्रह छापले. त्यातल्या १८०९ सालच्या पाचव्या संग्रहात ही रील आहे, आणि तिथे ती 'मिस' नाही, 'मिसेस' आहे! रासे बेटाच्या मिसेस मॅकलाउड. म्हणजे समुद्र ओलांडताना बाई पुन्हा कुमारिका झाल्या. सोबतच्या टिपेत म्हटलंय की ही स्काय बेटावरची अस्सल रील असून मॅकलाउड साहेबांकडून मिळाली. धून दिली साहेबांनी, नाव लागलं बाईंचं. ज्याच्या बोटांतून ती आधी निघाली त्या वादकाचा उल्लेखही नाही. तेव्हाची रीतच तशी. असे संग्रह विकत घेणारी बडी घराणी, त्यामुळे धुनांना नावं त्यांच्याच बायकामुलींची.

रासे हे स्कायला लागून असलेलं छोटं बेट, मॅकलाउड घराण्याकडे होतं. १७७३ साली डॉ. जॉन्सन आणि बॉझवेल तिथे पाहुणे होते. घरात दहा मुली, आणि रोज रात्री नाच. त्या दहांपैकी फ्लोरा लाउडनच्या अर्लला दिली. तिची मुलगीही फ्लोराच. या दुसऱ्या फ्लोराचा नवरा म्हणजे लॉर्ड हेस्टिंग्ज. वॉरन नव्हे, नंतरचा, १८१३ ते १८२३ गव्हर्नर जनरल असलेला. ज्याच्या कारकिर्दीत १८१८ साली आपली पेशवाई बुडाली, तोच! इथे मी खुर्चीतून उठलो आणि चहा करून आलो. भाचीच्या व्हायोलिनवरून निघालो होतो, आणि पोचलो शनिवारवाड्याच्या दारात.

पण मला या हेस्टिंग्जबाईंपेक्षा त्यांची मावसबहीण जास्त भावली. एलिझाबेथ रॉस. ती रासेच्या घरातच वाढली. १८१२ साली तिने बेटावर ऐकलेल्या सुमारे दीडशे चाली स्वतः स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. त्यात जॉन मॅकाय या घरच्या पाइपवादकाच्या बॅगपाइपच्या चालीही आहेत. हे संगीत तोंडातोंडी शिकवायचं असतं, कागदावर नव्हे. तरी एका तरुण मुलीने बसून कानाने ते लिहिलं. मग तीही हिंदुस्थानात आली. १८१५ साली कंपनीतले चार्ल्स डॉयली यांच्याशी लग्न झालं. ते चित्रकार म्हणून ठाऊक आहेत. पुढे पाटण्याला अफूच्या खात्यावर होते. मॅकायनेही पुढे बेट सोडलं. १८४०च्या दशकात मॅकलाउडना कर्जापायी रासे विकावं लागलं, आणि नंतरच्या मालकाने गावंच्या गावं उठवून मेंढ्या घातल्या. ज्यांच्यात ही गाणी वाजायची ती माणसंच उठली. वही मात्र राहिली, आज ती एडिंबरा विद्यापीठात आहे.

मग रील आयरिश कशी? स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी वीसेक किलोमीटरच. डोनेगलचे मजूर दरसाल कापणीला पलीकडे जायचे. सामानात चाली आणायला जकात लागत नाही. शिकागोचे पोलिसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील मूळचे कॉर्कचे. त्यांनी तिथल्या आयरिश लोकांकडून धुना जमवून १९०७ साली १००१ धुनांचं पुस्तक काढलं. त्यात ही आहे, आणि पुस्तकाच्या नावात 'आयर्लंडचं नृत्यसंगीत'! चोरी म्हणावी का? मला नाही वाटत. पिढ्यान् पिढ्या पायांखाली घासली गेलेली पायरी ज्याने घडवली त्याची, तशी चढणाऱ्यांचीही.

तिकडे टेनेसीच्या अंकल डेव्ह मेकन यांनी १९२७ साली बँजोवर ही चाल तबकडीवर उतरवली, तेव्हा तर मॅकलाउड हे नावच गळालं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: बायांनो, उंच उड्या मारा, केक कच्चाच राहिलाय! मी ती आणि भाचीची चाल लागोपाठ ऐकली. ठेका वेगळा, वाद्य वेगळं, बोल तर कुठल्या कुठे. पण ओळखू येते. चुलत घराण्यात नाक सारखं निघावं तशी.

एवढं सगळं मी भाचीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, ते ठीक आहे. पण आमच्या कार्यक्रमात शेवटी 'सा' वरच संपवायचं ठरलंय. नाहीतर लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते कळत नाही."